सरणावरचा हिरा

सुरतच्या वराछा भागातल्या हिऱ्याच्या कारखान्यात कान आधी जागे होतात. कारागीर 'घंटी' या घासण्याच्या यंत्राभोवती बसलेले, मधोमध 'सरण' ही बिडाची तबकडी भन्नाट वेगाने फिरत असते. तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड. पकडीत बसवलेला खडा कारागीर सरणावर टेकवतो, उचलतो, भिंगातून पाहतो, किंचित फिरवून पुन्हा टेकवतो.

तो शोधत असतो खड्याची रेघ. मोहस् मापात हिरा 10 वर, कुरुविंद 9 वर, हे आपण शाळेत शिकतो. पण हा कठीणपणा सगळ्या दिशांना सारखा नसतो, हे घंटीपाशी उभं राहिल्यावर पटतं. लाकूड उलट्या रेषेवर तासलं जात नाही, तसंच इथे. दिशा चुकली की सरण किंचाळतं, खडा तापतो, पण झिजत नाही. दिशा सापडली की आवाज मऊ होतो. पुडीतले कण मात्र वाटेल तसे पडलेले असतात; त्यांतल्या काहींची सर्वांत कठीण बाजू खड्याकडे असतेच. हिऱ्याने हिरा घासला जातो तो यामुळे.

कठीण म्हणजे अभंग, ही समजूत जुनी आणि घातक आहे. हिऱ्यात सहज दुभंगण्याच्या चार दिशा असतात. 3106 कॅरटचा कलिनन हिरा 1908 साली ॲमस्टरडॅमला फोडला, तो पात्यावर नेमका घाव घालूनच.

चमक मात्र बरीचशी कारागिराच्या हातात असते. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42, त्यामुळे आतला प्रकाश पैलूवर लंबापासून 24 अंशांहून थोडाही जास्त कलून आदळला की बाहेर न पडता आतच परततो. खालचे पैलू 41 अंशांच्या आसपास हवेत. ते फार उथळ झाले की प्रकाश तळातून निसटतो. वजन वाचवण्यासाठी कोन बिघडवलेला मोठा हिरा मला नीट कापलेल्या लहान हिऱ्यापुढे निस्तेज वाटतो. कोहिनूर 1852 मध्ये पुन्हा कापला तेव्हा 186 कॅरटचा सुमारे 106 वर आला, तोही चमकेपायीच.

हिऱ्याला पाणी चिकटत नाही, तेल लगेच चिकटतं; खाणींत चरबी लावलेल्या पाट्यांवर हिरे वेगळे केले जात ते म्हणूनच. तेलाचा थर बसून तुमची अंगठी मंद वाटू लागली तर कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू धुवा. आणि हिऱ्याचे दोन दागिने एका डबीत ठेवू नका, ते एकमेकांना ओरखडे काढतात.