हजार-हजारांचे पंचवीस कर्जदार

मोबाइलवर एका माणसाची माहिती उघडली होती. वय 34, किराणा दुकान, मागणी 50 हजारांची, व्याज 18 टक्के, मुदत 12 महिने. मी त्याला हजार रुपये दिले. बाकीचे माझ्यासारख्याच अनोळखी लोकांनी मिळून दिले. त्या आठवड्यात असे पंचवीस कर्जदार निवडले आणि 25 हजार रुपये वाटले.

याला पी-टू-पी कर्ज म्हणतात. त्याला 2017 पासून रिझर्व्ह बँकेची नियमावली आहे. एका कर्जदाराला एका व्यक्तीने जास्तीत जास्त 50 हजार द्यायचे, मुदत 36 महिन्यांपेक्षा जास्त नाही. पैसे कर्जदार आणि देणारे यांना जोडणाऱ्या ऑनलाइन मंचाच्या खिशात जात नाहीत, त्रयस्थाच्या ताब्यातल्या एस्क्रो खात्यातून फिरतात. कर्जाला तारण नसतं आणि ते बुडालं तर नुकसान सर्वस्वी देणाऱ्याचं.

हे शेवटचं वाक्य मी अटी मान्य करताना वाचलं होतं. त्याचा अर्थ चौथ्या महिन्यानंतर कळला.

हजारामागे दरमहा साधारण 92 रुपयांचा हप्ता येतो, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही. मुद्दल दर महिन्याला घटतं, म्हणून 18 टक्के दर असूनही वर्षभरात व्याज मिळतं ते शंभरच रुपये. पंचवीस जणांनी नीट फेडलं असतं तर 2,500 मिळाले असते. एकाने पहिलाच हप्ता चुकवला आणि पुढे काहीच दिलं नाही. दुसरा चार हप्त्यांनंतर थांबला, तिसरा सातांनंतर. बावीस जणांचे 24,200 आले, त्या तिघांचे मिळून जेमतेम हजार. मंचाचं शुल्क वजा जाता मुद्दल कसंबसं हाती आलं. आयकर मात्र मिळालेल्या व्याजावर भरावा लागला.

थांबलेल्या तिघांची माहिती मी पुन्हा उघडून पाहिली. दोघांच्या डोक्यावर आधीच दोन-दोन कर्जांचे हप्ते होते, तसं तिथे लिहिलेलंही होतं. मी व्याजाचा आकडा पाहून पुढे गेलो होतो. आई चाळीत भिशी चालवायची. नवीन बाई आली की तिच्या घरात कमावणारे किती, आधीची देणी किती, हे विचारल्याशिवाय तिचं नाव वहीत चढत नसे. तीच चौकशी इथे मला करायची होती, आणि त्यासाठी लागणारी माहिती समोर होती.

काही मंच ‘हवे तेव्हा पैसे काढा’ म्हणत हेच कर्ज ठेवीसारखं विकत होते. कर्जदाराने वर्षभरासाठी घेतलेले पैसे आपल्याला उद्या कसे परत मिळतील? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2024 मध्ये नियम कडक करून हा प्रकार बंद केला, ते योग्यच झालं.

मी अजून कर्ज देतो. रक्कम तीच ठेवली आहे, आणि आधीचा हप्ता चालू असलेला कर्जदार घेत नाही. तुम्ही या वाटेला जाणार असाल तर आधी रिझर्व्ह बँकेच्या यादीत त्या मंचाचं नाव शोधा. मग मंचाच्या संकेतस्थळावरचं थकबाकीचं पान उघडा. ते प्रसिद्ध करणं मंचांना बंधनकारक आहे. ते पान सापडलं नाही, तर पैसे देऊ नका.