बॅटरी ‘गेली’ म्हणण्याआधी मीटर लावा

धंद्यासाठी सेकंड हँड व्हॅन किंवा छोटा टेम्पो घेतला की पहिला त्रास बहुतेक वेळा बॅटरी देते. सकाळी चावी फिरवली की नुसतं टक-टक. माल गाडीत, गिऱ्हाईक फोनवर आणि गाडी जागेवर. मग कोणीतरी बॉनेटमध्ये डोकावून सांगतो, ‘बॅटरी गेली, नवीन टाका.’ झाले चार-पाच हजार खर्च! पण बघा, बॅटरी जाणं वेगळं आणि बॅटरी उतरणं वेगळं. पाचशे रुपयांच्या आत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर हा फरक सांगतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, सकाळी सेल्फ मारायच्या आधी, लाल वायर प्लसला आणि काळी मायनसला लावा. १२.६ किंवा त्याच्या वर आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. आणि १२.० आला तर ‘१२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवते, मग ठीकच आहे’ असं समजू नका, ती जवळजवळ रिकामी आहे. पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर मात्र एक सेल गेलाय. आत सहा सेल असतात, प्रत्येकी २.१ व्होल्टचे, एक वजा केला की हिशोब बरोबर १०.५ येतो. तिथे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही, बदला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर आधी ती साफ करा. काढताना मायनस पहिला, लावताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा (ते पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका), कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. काही गाड्या एवढ्यावरच सुरू होतात.

मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि तुमचं लक्ष मीटरवर ठेवा. बॅटरी भरलेली असूनही आकडा ९.६ च्या खाली पडत असेल तर ती थकली आहे. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तिथे १२.४ च दिसत असतील तर दोष अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा वायरिंगकडे. नवीन बॅटरी टाकलीत तरी तीही उतरणार.

आता खरा डोकेदुखीचा प्रकार. एमआयडीसीत जेवणाचे डबे पोचवणाऱ्या एक ताई दुकानात आल्या. बॅटरी तीन महिन्यांची, तरी गाडी बंद पडायची, आणि तीही फक्त साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पुन्हा नवीन बॅटरीचा सल्ला त्यांना मिळालेला होता. डब्यांची वेळ चुकली की कंपनीचं काँट्रॅक्ट जाणार, म्हणून त्या पैसे घेऊनच आल्या होत्या. मी म्हटलं, ‘ताई, थांबा जरा. सुट्टी बॅटरीला कशी कळते?’

मायनसची वायर काढून मीटर मधे जोडला, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. दारं बंद, चावी काढलेली, पंधरा-वीस मिनिटं थांबलो. अशा वेळी आकडा ०.०५ अँपिअरच्या आत असावा. इथे होता ०.४. मागच्या मालकाने बसवलेला अँप्लिफायर थेट बॅटरीवरून जोडलेला, म्हणजे दिवसरात्र चालू. हिशोब करा: आदल्या संध्याकाळपासून ३६ तास गुणिले ०.४, म्हणजे १४ अँपिअर-अवरच्या वर. बॅटरी ३५ ची, आणि रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती पूर्ण भरतही नव्हती. रोज रात्री कसंबसं भागायचं, सुट्टीत नाही. अँप्लिफायरची लाइन चावीवर घेतली, बॅटरी चार्ज केली, बस. त्यांचा नव्या बॅटरीचा खर्च वाचला.

घरी हेच शोधायचं असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धपकन खाली येतो, चोर त्याच लाइनवर. नंतर जोडलेल्या वस्तूंचा फ्यूज वेगळा असतो, तोही बघा. फक्त मीटर असा मधे असताना सेल्फ मारू नका, मीटर खराब होईल.

चार्जिंग सावकाश करा. ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, म्हणजे क्षमतेचा दहावा भाग. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा खिडकी उघडी आणि विडी-सिगारेट लांब. क्लिप लावताना-काढताना चार्जरचं बटण बंद. झाकणं असलेल्या बॅटरीत पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, अॅसिड तर अजिबात नाही. सीलबंद बॅटरी उघडू नका. फुगलेली किंवा गळकी असेल तर चार्जरलाही लावू नका.

बॅटरीचं दुकान टाकायचा विचार असेल त्यांच्यासाठी: तपासणीचे वेगळे पैसे लावा. मी १०० रुपये घेतो आणि तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून देतो: उभी गाडी, सेल्फ मारताना, चालू गाडी. बॅटरी घेतली तर १०० वजा. काही दुकानदार म्हणतात, चेकिंग फुकट ठेवा, गिऱ्हाईक येतं. मला पटत नाही. फुकट तपासणाऱ्याला शेवटी बॅटरी विकावीच लागते. चिठ्ठी मात्र गिऱ्हाईक गाडीत जपून ठेवतं, आणि वर्षाने खरंच बॅटरी बदलायची वेळ आली की तीच घेऊन परत येतं.

आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. आत शिसं आणि अॅसिड असतं. डीलरकडे जमा केली की नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते; भाव सांगताना ती सूट धरून आणि न धरून, असे दोन्ही आकडे विचारून घ्या.