बी.एस्सी. झाली, पुढे काय?



बारावीचा निकाल लागून नीटचे मार्क हाती आले की आपल्या भागात गावोगाव एकच बोलणे कानी पडते. "पोट्ट्याचा मेडिकलले नंबर नाही लागला, मंग टाकलं बी.एस्सी.ले." मुलगी असली तर त्याच दमात पुढचे वाक्य येते, "तीन वर्षं होऊ द्या, तवर स्थळ पाहू." म्हणजे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान हे विषय घेऊन शिकणारे लेकरू घरच्यांच्या लेखी नापासच! काही घरांत तर जमीन गहाण टाकून डोनेशनची किंवा परदेशातल्या मेडिकलची वाट धरली जाते. म्हणून या पदवीचा खरा उपयोग काय आणि तिच्या मर्यादा काय, याचा हिशेब एकदा स्वच्छ मांडणे जरूर आहे.

पहिली गोष्ट रोखठोक सांगितली पाहिजे. नुसत्या बी.एस्सी.च्या कागदावर चांगली नोकरी क्वचितच मिळते. ही पदवी म्हणजे नांगरून तयार केलेली जमीन आहे, पेरणी अजून बाकी असते. त्यापुढे एक किंवा दोन वर्षांचे नेमके शिक्षण घेतले तर मात्र वाटा पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या कितीतरी आपल्या उसाच्या वावरातूनच निघतात.

आपल्याच उसातली विद्या

'को ८६०३२' हे वाण आपल्याला पाठ आहे. यातला 'को' म्हणजे कोइमतूर. तेथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. जानकी अम्मल (१८९७ ते १९८४) या वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर बाईंनी १९३० च्या दशकात तेथे उसाच्या संकरावर मोलाचे काम केले. पुढे १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'फुले २६५' हे वाण देणारे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. वाण तयार करणे हे मुळात जीवशास्त्राचेच काम.

लोकरी मावा आठवा. २००२ साली सांगली भागात तो दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातल्या उसावर पांढरी कळा पसरली. शेतकरी फवारून थकले. शेवटी 'डिफा' नावाच्या पतंगाची मावा खाणारी अळी व 'मायक्रोमस' हा मित्रकीटक शेतात सोडून तो आटोक्यात आणला गेला. कोणता किडा शत्रू आणि कोणता मित्र, हे ओळखणारी माणसे कीटकशास्त्र शिकलेली होती. खोडकिडीवरचे ट्रायकोकार्डही असेच. तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा वाढवून ही कार्डे बनतात. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी बसतात. हे काम लहान खोलीत होते. प्राणिशास्त्राची पदवी व थोडे प्रशिक्षण असलेल्या मुलीने बचत गटाला हाताशी धरले तर गावातच धंदा उभा राहू शकतो.

ऊतिसंवर्धनाचेही तसेच. कोंबाच्या अगदी टोकाचा बारीक भाग घेऊन काचेच्या बाटलीत रोपे वाढवली की रोगमुक्त बेणे मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या शास्त्रात ऊस, साग, बांबूवर मोठे काम केले. अशा प्रयोगशाळांत, तसेच ॲझोटोबॅक्टर व ॲसिटोबॅक्टरसारखी जिवाणू खते बनवणाऱ्या ठिकाणी, सूक्ष्मजीव व वनस्पतिशास्त्राची मुले लागतात.

आता आसवनी. मळीपासून अल्कोहोल बनते ते यीस्ट या सूक्ष्म जीवामुळे. एक टन सी मळीतून साधारण २२५ ते २५० लिटर अल्कोहोल निघते. टाकीत नको ते जिवाणू शिरले किंवा उष्णता वाढली की उतारा घटतो आणि तोटा सरळ कारखान्याच्या, म्हणजे सभासदाच्या खिशाला बसतो. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले, त्यामुळे या जाणकारांना मागणी आहे. मांजरी (पुणे) येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, जी १९७५ साली स्थापन झाली, तेथे पदवीनंतर किण्वन व मद्यार्क तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेतही तशी सोय आहे. अटी दर साली माहितीपत्रकात पाहाव्यात. पण एक खूणगाठ बांधा, पदवीला रसायनशास्त्र सोडू नका. ते सोडले की निम्मी दारे बंद होतात.

कृषी केंद्र आणि २०१७ ची आठवण

२०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. दुकानातून कोणते औषध कशात मिसळून दिले जाते, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला. केंद्राच्या नियमांप्रमाणे कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता शिक्षणाची अट आहे. तीत कृषी पदवीबरोबर जीवशास्त्र, जैवरसायन, जैवतंत्रज्ञान तसेच वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन केलेली विज्ञान पदवीही चालते. शिकलेला मुलगा गावात प्रामाणिकपणे कृषी केंद्र चालवील तर पोट भरेल, आणि एखाद्या घरचा कर्ता माणूसही वाचेल.

दवाखाना, जंगल, सरकारी खाते

विदर्भात सिकलसेलचा आजार मोठा आहे. रक्ताची प्राथमिक विद्राव्यता चाचणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस, ही कामे प्रयोगशाळा तंत्रज्ञ करतात. बी.एस्सी.नंतर डी.एम.एल.टी. केले की सरकारी व खाजगी दवाखान्यांत काम मिळते. मात्र आपल्याच सहीने पॅथॉलॉजीचे रिपोर्ट देता येत नाहीत, त्याला पॅथॉलॉजी शिकलेला डॉक्टरच लागतो. "डिप्लोमा करा, स्वतःची लॅब टाका" असे कोणी म्हणाले तर हे ध्यानी असू द्यावे.

आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आहे, पैनगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०१९ साली चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यामुळे ही वाट कळली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत या शास्त्राची एम.एस्सी. करता येते. वनक्षेत्रपाल व सहाय्यक वनसंरक्षक या पदांच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राचे पदवीधर बसू शकतात. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, जैवतंत्रज्ञानाची पदवी चालते. शिक्षक व्हायचे तर दोन वर्षांचे बी.एड. आहेच, पण भरती कधी निघेल याच्या भरवशावर सगळे सोडू नये.

हुशार लेकरासाठी

ज्याला अभ्यासाची खरी गोडी आहे त्याने एम.एस्सी.साठी 'जॅम' किंवा 'गॅट-बी' ह्या परीक्षा द्याव्यात. पुढे नेट-जे.आर.एफ. मिळाली तर संशोधन करताना दरमहा ३७ हजार रुपये विद्यावेतन मिळते, म्हणजे बापाला पैसे पाठवावे लागत नाहीत. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था व 'नीरी' आहे, पुण्याला आघारकर संशोधन संस्था व विषाणू संस्था आहे. मुलींच्या बाबतीत कमला सोहोनी (१९११ ते १९९८) आठवाव्यात. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. १९३९ साली केंब्रिजहून जैवरसायनात पीएच.डी. घेऊन आल्या आणि नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले.

एवढे करावे

पहिल्या वर्षी रसायनशास्त्र घेतले की नाही ते पाहा. दुसऱ्या वर्षाच्या सुटीत मुलाला माती परीक्षण प्रयोगशाळा, आसवनी, दूध संघ किंवा दवाखान्याची लॅब दाखवा, परवानगी मिळाली तर महिनाभर काम करू द्या. हाताने काम केलेले मूल मुलाखतीत उठून दिसते. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत एक वाट पक्की करा आणि त्या परीक्षेची तारीख भिंतीवर लिहा. "नोकरीची हमी" म्हणून लाखभर फी मागणाऱ्या कोर्सवाल्याला आधी विचारा की मान्यता कोणाची, आणि मागल्या साली शिकलेली दोन मुले आज कुठे आहेत. नीट उत्तर आले नाही तर पैसा घरी ठेवा.

बेणे निवडताना आपण डोळा पाहतो, जमीन पाहतो, पाणी पाहतो. लेकराच्या शिक्षणाला तेवढाच वेळ द्यावा आणि मुलगी असली तर एक वर्ष जास्त द्यावे, एवढीच सभासदांना विनंती.