पट्टा गळ्यातला आणि छायाचित्रातला

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की चार दिवसांतच त्याच्यासाठी पट्टा आणायची घाई होते. दुकानात आपण पाहतो काय, तर रंग कोणता आणि बक्कल चकचकीत आहे की नाही! ज्याच्या गळ्यात तो पडायचा, त्याला मात्र काही बोलता येत नाही. पट्टा टोचतो, काचतो की आवळतो, हे आपणच ओळखावे लागते.

जनावराच्या गळ्यातील चामड्याचा पट्टा कोल्हापूरकडच्या लोकांना नवा नाही. बेंदराला बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधतात, ती चामड्याच्या पट्ट्यावरच बसवलेली असते. कोल्हापुरी चपलेला तर २०१८-१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. चपलेच्या त्याच चामड्यातून एखाद्या छोट्या कारागिराने कुत्र्याचा पट्टा बनवायचा ठरवला, तर त्याला कोणते विज्ञान उपयोगी पडेल, ते पाहू.

कातड्याचे चामडे

ओले कातडे तसेच ठेवले तर कुजते. नुसते वाळवले तर ताठ होते आणि पुन्हा भिजले की सडू लागते. म्हणून ते ‘कमवावे’ लागते. प्रथम कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवतात. त्यामुळे केस सैल होतात आणि खरवडून काढता येतात. मग ते बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात मुरवतात. कधी कातडेच पिशवीसारखे शिवून, त्यात अर्क भरून टांगून ठेवतात. अर्क हळूहळू झिरपत कातड्याच्या आरपार जातो.

या अर्कात असते काय? हिरड्याचा तुकडा चघळून पाहा. तोंड कसे आवळून येते! हिरड्यातील टॅनिन हे द्रव्य लाळेतील प्रथिनांना जखडते, म्हणून तसे वाटते. कातडेही मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. टॅनिनचे रेणू या तंतूंना चिकटून त्यांना एकमेकांशी बांधून टाकतात. मग जिवाणूंना ते सहजासहजी फोडता येत नाहीत.

या कामाला काही आठवडे लागतात. ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली अमेरिकेत क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. त्या पद्धतीने हे काम एक-दोन दिवसांत उरकते, आणि आज जगातील बहुतेक चामडे तसेच बनते. ते मऊ असते, पण अधिक ताणले जाते. सालीत कमावलेले चामडे घट्ट असते, आकार धरून ठेवते आणि त्याच्या कडा घासून गुळगुळीत करता येतात. पट्ट्याला हेच गुण हवेत.

रुंदी किती ठेवावी?

आता एक सोपे गणित करू. समजा, कुत्र्याने १० किलोग्रॅम भाराइतक्या जोराने ओढ घेतली आणि पट्ट्याचा १२ सें.मी. लांबीचा भाग मानेवर टेकला आहे. पट्टा १ सें.मी. रुंद असेल, तर क्षेत्रफळ १२ चौ. सें.मी. आणि दाब दर चौ. सें.मी.ला सुमारे ०.८३ किलोग्रॅम. पट्टा २.५ सें.मी. रुंद असेल, तर क्षेत्रफळ ३० चौ. सें.मी. आणि दाब फक्त ०.३३ किलोग्रॅम. ओढ तीच, पण दाब अडीचपट कमी! दप्तराचा बंद रुंद का असतो, त्याचे कारणही हेच.

म्हणून पट्टा हवा तेवढा रुंद करावा काय? नाही. लहान पिल्लाला फार रुंद पट्टा जबड्याखाली घासतो आणि जडही होतो. शिवाय रापीने कापलेली कड धारदार राहिली, तर सारा दाब त्या बारीक रेषेवर येतो. म्हणून कडा गोल करून घासाव्या लागतात. पट्टा बांधल्यावर त्याच्याखाली आपली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. पिल्लू झपाट्याने वाढते आणि पट्टा तेवढाच राहतो. केसांखाली तो मानेत रुतून जखम होते, तरी वरून दिसत नाही. तेव्हा ही दोन बोटांची परीक्षा दर आठवड्याला घ्यावी.

लोखंड की पितळ?

हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या आणि त्यात एक गंजका खिळा रात्रभर ठेवा. सकाळी पाणी काळे झालेले दिसेल. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने हा काळा रंग बनतो. पूर्वी हिरडा व हिराकस यांपासून शाई करीत, ती याच तत्त्वावर. आता पट्ट्याला लोखंडी बक्कल लावले आणि तो पावसात भिजला, तर काय होईल? बक्कलाभोवती काळे डाग पडतील. पितळेचे बक्कल वापरले तर हे टळते. पितळेवर कधी हिरवट थर चढतो, पण तो पुसून काढता येतो.

न शिवता दाखवायचे कसे?

पट्टा तयार झाला. गिऱ्हाईक मात्र मुंबईला किंवा परदेशात आहे. त्याला चामडे हाताने चाचपता येत नाही. त्याच्यापुढे असते ते केवळ छायाचित्र. कोल्हापूरला कॅमेऱ्याचे वेडही जुनेच. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास येथे स्वदेशी कॅमेरा तयार केला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) हा मूकपट काढला. आज मोबाइलने कोणीही छायाचित्र घेतो, पण चामड्याचा रंग बरोबर येतोच असे नाही. असे का?

तापवलेले लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरट दिसते. त्यावरूनच प्रकाशाच्या रंगाला तापमानाचे माप लावतात. तारेच्या दिव्याचा पिवळसर प्रकाश सुमारे २७०० केल्व्हिनचा, तर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्व्हिनचा. आपले डोळे व मेंदू हा फरक सावरून घेतात. कॅमेऱ्याला मात्र अंदाज करावा लागतो. सारी चौकट तपकिरी चामड्याने भरली, तर प्रकाशच पिवळा आहे असे समजून तो चित्रात निळसर छटा मिसळतो.

यावर उपाय साधा आहे. पट्टा पांढऱ्या कागदावर ठेवावा. दिवा बंद करून फक्त खिडकीचा प्रकाश घ्यावा. तो एका बाजूने तिरपा पडला की शिवणीच्या टाक्यांच्या बारीक सावल्या पडतात आणि टाका कसा आहे ते दिसते. बक्कल हे लहानसा आरसाच. त्यात समोरचे काळे कपडे उमटतात. समोर पांढरा पुठ्ठा धरला की ते उजळते. मोबाइल अगदी जवळ नेला तर पट्ट्याचे जवळचे टोक उगीच रुंद दिसते, म्हणून थोडे मागे सरकावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी, तीही पट्ट्याच्याच पातळीत.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. सालीत कमावलेले चामडे उन्हाने व वापराने गडद होत जाते. आज पाठवलेला फिकट पट्टा वर्षाने तसा दिसणार नाही. चामड्यावर एखादा ओरखडा असेल, तर तोही छायाचित्रात दिसू द्यावा.

करून पाहा

वर्गात एकच पट्टा खिडकीजवळ, दिव्याखाली आणि व्हरांड्याच्या सावलीत ठेवून तीन छायाचित्रे घ्या. मग ती खऱ्या पट्ट्याशेजारी धरून ताडून पाहा. आणि घरी कुत्रे असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे सरकतात का, तेवढे आधी पाहून घ्या.