पाळावे कोणाला, पाहावे कोणाला?

महाड-पोलादपूरच्या माणसाला पशुपक्षी पाहण्यासाठी मुंबईच्या राणीच्या बागेत जाण्याची गरज नाही. मागे सह्याद्री, पायथ्याला सावित्री आणि मध्ये भातखाचरे. अशा मुलखात ओट्यावर बसल्या बसल्या जे दिसते, ते शहरातल्या मुलांना चित्रातच पाहावे लागते.

तरीही घरातली मुले एक हट्ट हमखास धरतात, “आपण पोपट पाळू या!” फाल्गुन-चैत्रात कोणीतरी ढोलीत हात घालून पिल्ले काढतो आणि पडवीत पिंजरा टांगला जातो. हौस वाईट नाही. पण कोणते पाखरू पाळावे आणि कोणते नुसते पाहावे, हे घरातल्या मोठ्यांनी मुलांना समजावून सांगायला हवे. नियम सोपा आहे. ज्याच्या शेकडो पिढ्या माणसाच्या दारात वाढल्या, ते पाळावे. ज्याचा जन्म रानातल्या ढोलीत किंवा फांदीवर झाला, ते पाहावे.

पोपट पिंजऱ्यात का नको?

पहिले कारण कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातला पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. मैना, मुनिया, मोर यांनाही हेच लागू आहे. या गुन्ह्याला दंड आहे, तसा तुरुंगवासही आहे. “आमच्याकडे आजोबांपासून पोपट आहे” ही सबब चालत नाही.

दुसरे कारण कायद्याहून मोठे आहे. पोपट थव्याने राहणारा, कोसन् कोस उडणारा पक्षी. त्याला हातभर पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे बैलाला जन्मभर खुंट्याला बांधून ठेवण्यासारखेच. शिवाय ढोलीतून काढलेली सगळी पिल्ले जगत नाहीत. एक पिल्लू आपल्या पडवीत बोलू लागते, तेव्हा त्याची भावंडे वाटेतच मेलेली असू शकतात, हे विसरू नये. पिल्लू घरट्यातून पडलेले सापडले, तर जवळच्या फांदीवर किंवा घरट्यात ठेवून दूर व्हावे. आईबाप त्याला चारतात. जखमी असेल तर वनखात्याला कळवावे.

मग पाळावे काय?

सर्वांत आधी आपली कोंबडी. तिला कमी लेखू नका. आंबेनळी घाटाच्या रानात पहाटे जो राखी रानकोंबडा आरवतो, त्याचे आणि आपल्या खुराड्याचे नाते आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. पण पिवळ्या पायांचा गुण तिला या राखी रानकोंबड्याकडून मिळाला, असे शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. म्हणजे अंगणात पिवळ्या पायांची कोंबडी फिरते, तेव्हा सह्याद्रीचाच थोडा अंश दारात फिरत असतो.

मुलांच्या हाती एक खुडूक कोंबडी सोपवा. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवू द्या आणि दिवस मोजायला सांगा. सातव्या दिवशी रात्री विजेरीच्या उजेडासमोर अंडे धरले, की आत लाल शिरांचे जाळे दिसते. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस द्यावी. सहा ते आठ आठवड्यांनी पुढची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्यावी. खुराडे जमिनीपासून उंच ठेवावे, जाळी बारीक लावावी आणि दिवेलागणीला दार बंद करावे. रानमांजर व मुंगूस आपल्या पोटाच्या उद्योगाला निघालेले असतात. दार उघडे राहिले, तर दोष त्यांचा नाही.

बदके पाळायची असतील, तर त्यांची अंडी खुडूक कोंबडीखालीच ठेवा. पिल्ले निघायला अठ्ठावीस दिवस लागतात. लावणीचे रोप चांगले मूळ धरल्यावर खाचरात सोडलेली बदके किडे व गोगलगायी टिपतात. लोंबी बाहेर पडू लागली, की मात्र त्यांना बाहेर काढावे.

कबुतराची जोडी संसार शिकवते. दोनच अंडी, सुमारे अठरा दिवस नर-मादी दोघांनी आळीपाळीने उबवायची आणि पिल्लांना दोघांनीही आपल्या घशातल्या पिशवीतले दुधासारखे खाद्य भरवायचे.

रंगीत पाखराचाच हट्ट असेल, तर बजरीगर आहेत. बाजारात सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे छोटे हिरवे, पिवळे, निळे पक्षी बहुधा हेच असतात. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पण पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले. एकटा आणू नये, जोडी आणावी आणि पिंजरा ऐसपैस ठेवावा. दया आली म्हणून बाहेर सोडू नये. आपल्या रानात ते जगत नाहीत.

पाहण्याची मौज

आता पाहायच्या पाखरांकडे वळू. चिखलणीला नांगरामागून गायबगळे चालतात, ते उघड्या पडलेल्या किड्यांसाठी. म्हशीच्या पाठीवरचा काळा कोतवाल उडणारे किडे टिपतो आणि आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्या-घारींना हुसकावून लावतो. खाचरात आडवी काठी बांधलेले दोन-चार दांडे उभे करा, कोतवालाला बसायला जागा होईल. जुन्या वाड्यात राहणारे गव्हाणी घुबड अपशकुनी नाही. ते रात्रभर उंदीर मारते. त्याला दगड मारणे म्हणजे आपल्याच कणगीला भोक पाडणे होय.

विहिरीवर लोंबणारे सुगरणीचे घरटे तर सर्वांनीच पाहिलेले असते. ते मादी विणते, असा समज आहे. विणतो मात्र नर. हे बारकाईने पाहिले डॉ. सलीम अली यांनी, तेही आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली. नर अर्धे घरटे बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते. मग तो दुसऱ्या घरट्याला लागतो! सुगरण पिकलेल्या भातावर चार दाणे टिपते हे खरे. पण पिल्लांना ती किडे भरवते, हेही हिशेबात धरावे.

पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसा आवाज येतो, तो शीळकरी कस्तुराचा. तो ऐकायला पिंजरा लागत नाही.

सावित्रीतल्या मगरी मात्र लांबूनच पाहाव्यात. हिवाळ्यात दुपारी त्या काठावर उन्हाला पडतात. तिथे कपडे धुणे, गुरे पाण्यात घालणे टाळावे. कोंबडीची आतडी-पिसे नदीत टाकू नयेत. खाण्याच्या आशेने मगर माणसांच्या वावराजवळ आली, तर तो दोष आपलाच.

गिधाडांचा धडा

आपल्या हातून नकळत काय घडू शकते, ते गिधाडांनी दाखवले. पूर्वी मेलेले ढोर ओढून टाकले, की आभाळातून गिधाडे उतरत. १९९० नंतर काही वर्षांतच देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णव नाहीशी झाली. कारण २००४ साली कळले. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवरही. आपल्या जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गिधाडांनी घरटी केली आणि महाडच्या सिस्केप संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ती जपली.

या कामात प्रत्येक गोठ्याचा वाटा आहे. गुराला सूज-दुखण्यावर औषध हवे असेल, तर पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅमची विचारणा करा. ते गिधाडांना बाधत नाही. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक गुरांना टोचू नका.

तेव्हा या सुट्टीत मुलांना पिंजरा आणून देऊ नका. एक वही द्या. कोणते पाखरू कोणत्या महिन्यात आले, कुठे बसले, काय खाल्ले, हे त्यांना लिहू द्या. आणि शेजारी एक खुडूक कोंबडी द्या. पाळण्याची हौस कोंबडी पुरवील, पाहण्याची हौस रान पुरवील. आणि ढोलीतली पिल्ले वेळ आली की आपल्या पंखांनी उडून जातील.