स्मृतिभ्रंश आणि कलेचा आधार

वृद्धपणीं स्मरण थोडें मंदावणें हा देहधर्म होय. स्मृतिभ्रंश हा मात्र मेंदूचा विकार आहे. जर्मन वैद्य आलोइस आल्झायमर यांनीं १९०६ सालीं ज्याचें वर्णन विद्वत्सभेपुढें मांडलें, तो रोग याचें सर्वांत मोठें कारण. आपल्या देशांत साठीपुढील सुमारें ८८ लक्ष माणसें या विकारानें ग्रस्त असावींत, असा २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. रोग समूळ बरा करणारें औषध अद्यापि नाहीं. मग घरच्या माणसांनीं करावें तरी काय?

अशा घरीं पाहुणा आला कीं, आजोबांपुढें वांकून हमखास विचारतो, "मला ओळखलंत का?" सून सासूबाईंस विचारते, "दुपारीं काय जेवलात, आठवतंय का?" हेतु प्रेमाचाच असतो. परंतु ज्याचा जन्म प्रश्न विचारण्यांत गेला, त्या मजसारख्या शिक्षकास यांत परीक्षेचा वास येतो. ज्या विषयाचें पुस्तकच विद्यार्थ्यापासून हिरावलें गेलें, त्याच विषयाची परीक्षा, आणि तीही दिवसांतून दहा वेळां!

या परीक्षेचा परिणाम प्रश्नाबरोबर पुसला जात नाहीं. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशा रोग्यांस चित्रपटांतील हर्षाचे व शोकाचे प्रसंग दाखविले. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, काय पाहिलें हें रोगी लवकरच विसरले. मनांत उठलेली भावना मात्र मागें टिकून राहिली. तेव्हां प्रश्न विसरला तरी ओशाळलेपणा उरत असला पाहिजे. सुदैवानें आनंदासही हाच न्याय लागू आहे.

कलेचा उपयोग येथेंच होतो. नाट्यविषयाच्या अभ्यासक अॅन बास्टिंगबाई १९९६ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं एका वृद्धगृहांत जात असत. वृद्धांनीं जुन्या आठवणी सांगाव्या, म्हणून त्यांनीं पुष्कळ खटपट केली, कोणी बोलेना. शेवटीं त्यांनीं मासिकांतील सिगारेटच्या जाहिरातींतला एक गुराखी सर्वांपुढें धरला आणि म्हटलें, आठवूं नका, याची गोष्ट रचूं या; याचें नांव काय ठेवावें? उत्तरें येऊं लागलीं, गाणीं निघालीं, हंशा पिकला. आलेलें प्रत्येक उत्तर, मग तें कितीही विसंगत असो, बाईंनीं तसेंच उतरून घेतलें. या पद्धतीस पुढें 'टाइमस्लिप्स' असें नांव मिळालें.

आपल्या साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास यांत नवल वाटूं नये. मम्मटानें काव्याचीं कारणें सांगतांना शक्ति, निपुणता व अभ्यास यांचा निर्देश केला. शक्ति म्हणजेच प्रतिभा. स्मृति त्यांत वेगळी गणलेली नाहीं. स्मरण ढळलें तरी रचण्याची व रस घेण्याची शक्ति कांहीं काळ राहूं शकते.

लाभ रोग्याचाच नव्हे. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें २००६ सालीं रोगी व त्यांची शुश्रूषा करणारे यांस एकत्र बोलावून चित्रें दाखविण्याचा उपक्रम आरंभिला. समोर काय दिसतें, यावर दोघांनीं बोलावयाचें. तेवढा वेळ पत्नी परिचारिका नसते, सोबतीण असते. दिवसरात्र राबणाऱ्या माणसास याचें मोल किती, हें तेंच जाणे.

आपल्या घरीं संग्रहालय नको. सकाळीं मन प्रसन्न असतांना रविवर्म्याचें एखादें चित्र पुढें ठेवावें आणि "ही बाई कुठं निघाली असेल?" असें विचारावें. बोटांस रांगोळीची संवय असेल, तर चिमूट हातीं द्यावी. आरती म्हणतांना टाळ द्यावे. नांवें विसरलेल्या माणसासही जुनी चाल व ताल पुष्कळदां साधतात. चुकलें तर सुधारूं नये, कंटाळा दिसतांच थांबावें. आणि ही अर्धी घटका रोज सुनेच्याच माथीं मारूं नये. एकत्र कुटुंबांत मुलगा, नातू, दीर अशीं माणसें असतात. त्यांनीं पाळी घ्यावी, म्हणजे तिला विसांवा मिळेल.

यानें रोग हटणार नाहीं. उद्यां आजचें चित्रही आठवणार नाहीं. तरी दुपार सुखाची जाईल. आणि पुढील खेपेस पाहुणा आला, तर त्यास उंबऱ्यावरच सांगून ठेवावें: ओळख विचारूं नका, आपलें नांव सांगा आणि जवळ बसा.