वूस्टर रस्त्यावरील वाद

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन नावाचे शहर आहे. तेथील वूस्टर रस्त्यावर सर्वांत चांगला पिझ्झा कोणत्या दुकानात मिळतो, याविषयी लोक कित्येक वर्षे हिरिरीने भांडत आले आहेत. पिझ्झा म्हणजे आंबवलेल्या कणकेची भट्टीत भाजलेली पोळी. इटलीतून पोटासाठी आलेल्या लोकांनी नेपल्सकडचा हा पदार्थ येथे आणला. त्यांच्या बोलीतील ‘आबीट्स’ हे त्याचे नाव गावाने अद्याप टाकलेले नाही.

फ्रँक पेपे याने १९२५ साली येथे दुकान काढले. १९३८ साली त्याचा भाचा सॅली याने त्याच रस्त्यावर दुसरे थाटले, आणि गावात दोन पक्ष पडले! वस्तुतः दोन्ही भट्ट्या दगडी कोळशाच्याच. त्यांची आच इतकी प्रखर असते, की पातळ पोळी काही मिनिटांतच भाजून निघते व तिच्या कडा काळपटतात. परक्याला ती करपलेली वाटते. न्यू हेवनकराला तीच गोड लागते. साध्या पिझ्झ्यावर टोमॅटो व थोडे किसलेले चीज एवढेच असते. मोझरेला हवे असल्यास निराळे सांगावे लागते. पेपेच्या दुकानी लसूण घालून केलेला, तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचा पिझ्झा विशेष प्रसिद्ध आहे.

भांडे बदलले, की पदार्थही बदलतो. शिकागोत १९४३ पासून खोल ताटलीतला जाड पिझ्झा निघाला. तो फार वेळ भाजावा लागतो. म्हणून चीज करपू नये यासाठी ते खाली व टोमॅटो वर घालतात. न्यू हेवनचे अभिमानी त्यास पिझ्झा म्हणावयासही राजी नसतात.

अलीकडे दोन्ही दुकानांच्या शाखा इतर गावी निघाल्या आहेत. तेव्हा मूळ भट्टीची चव तेथे उतरते काय, हा आता नवा वाद आहे.